देवळालीच्या घरातली फायरप्लेस: धुराडं साफ करायला नाशकात कोण मिळेल?

लॅमरोडची लेक | १२ डिसेंबर, रात्री १०:१५

नमस्कार मंडळी. देवळाली कॅम्पात माझ्या आजोबांचं जुनं घर आहे. दगडी भिंती, मंगलोरी कौलं आणि दिवाणखान्यात फायरप्लेस. बाबा लहान असताना थंडीत ती रोज पेटायची म्हणतात. मला मात्र आठवते ती आत ठेवलेली पितळेची समई आणि कोपऱ्यातली कुंडी. निदान तीस वर्षं तिथे काडीसुद्धा पेटलेली नाही.

यंदा आई इथे राहायला आली. थंडीत तिचे गुडघे आखडतात. हीटर लावला की तिचा घसा कोरडा पडतो आणि रात्री धड झोप लागत नाही. म्हणून ठरवलं, फायरप्लेस सुरू करायची.

पहिला प्रश्न माणसाचा. नेटवर 'चिमणी सफाई नाशिक' शोधून चार जणांना फोन केले. पहिला मुलगा आला तो स्वयंपाकघरातल्या चिमणीचा. जाळ्या धुवायचं केमिकल आणि स्क्रूड्रायव्हर घेऊन आला, फायरप्लेसमध्ये वाकून पाहिलं आणि म्हणाला, "ताई, हे माझं काम नाही, पैसे नकोत." भला मुलगा. दुसऱ्याने 'होऊन जाईल' म्हणत काम घेतलं. त्याच्या माणसाने बांबूला गोणपाट बांधून खालून ढोसलं. गिलाव्याचे पापुद्रे आणि काजळी थेट दिवाणखान्यात. सतरंजी गेली, पडदे गेले. 'साफ झाली' म्हणून पैसे घेऊन गेले. त्याच संध्याकाळी चार लाकडं पेटवली आणि पाच मिनिटांत घर धुराने भरलं. आईला खोकत खोकत अंगणात आणून बसवलं.

हे काम नाशकात खरोखर कोण करतं? आणि करणारा मिळाला तरी त्याने नीट केलं की नाही हे मी कसं ओळखायचं?

आडगाव नाका | १२ डिसेंबर, रात्री १०:५०

ताई, तुम्ही शोधताय तो धंदाच आपल्याकडे नाही. इथे चिमणी म्हटलं की गॅसवरची, नाहीतर वीटभट्टीची. बेकऱ्यांच्या भट्ट्यांची धुराडी साफ करणारी माणसं असतात, पण त्यांना घरातल्या कामाची सवय नसते. धागा वर ठेवतो, कोणी जाणकार येईल.

ओळंबा | १३ डिसेंबर, सकाळी ७:३०

सिव्हिलवाला आहे, नाशिकरोडला असतो. जुन्या घरांच्या दुरुस्त्या बऱ्याच केल्यात. माणूस शोधण्याआधी एवढं पाहून सांगा.

१. फायरप्लेसच्या तोंडाची रुंदी आणि उंची.
२. वर जाणाऱ्या नळीचं आतलं माप. मोबाईलचा टॉर्च लावून, फोन काठीला बांधून खालून व्हिडिओ काढा. दिवसा काढा, म्हणजे वरचं आभाळ दिसतं की नाही ते कळेल.
३. तोंडाच्या वर लोखंडी झडप आहे का? असली तर हलते का?
४. धुराडं कौलांच्या वर किती येतं आणि दहा फुटांच्या आत त्याच्याहून उंच काय आहे? झाड, भिंत, टाकी, काहीही.
५. त्या संध्याकाळी स्वयंपाकघरातली चिमणी चालू होती का?

पाचवा प्रश्न विसरू नका.

लॅमरोडची लेक | १३ डिसेंबर, दुपारी १:०५

दादा, सगळं मोजलं. तोंड ३६ इंच रुंद, ३० इंच उंच. नळी आतून ९ बाय साडेतेरा. झडप बिडाची आहे, गंजून अर्धवट उघड्या अवस्थेत अडकलेली. व्हिडिओत आभाळ नाणं दिसावं एवढंच दिसतं. बाकी जागेत काहीतरी गच्च बसलंय, पिसांसारखं.

धुराडं कौलांच्या वर साडेतीन फूट आहे. सात फुटांवर स्वयंपाकघराचा नवा स्लॅब आहे आणि त्यावर पाण्याची टाकी. टाकीचं झाकण धुराड्याच्या तोंडापेक्षा फूटभर वर येतं.

आणि हो, चालू होती. आई थालीपीठं लावत होती. थंडी म्हणून खिडक्या सगळ्या बंद.

ओळंबा | १३ डिसेंबर, रात्री ९:२०

मग धूर घरात आला यात नवल नाही. एकेक घेऊ.

धुराडं धूर 'ओढतं' ते आतली हवा तापून हलकी होते आणि वर जाते म्हणून. जेवढी हवा वर जाईल तेवढी घरात कुठून तरी यायला हवी. स्वयंपाकघरातली चिमणी तासाला हजार-बाराशे घनमीटर हवा बाहेर फेकते. दारं-खिडक्या बंद असताना ती हवा आणणार कुठून? सगळ्यात मोठं उघडं भोक म्हणजे फायरप्लेस. म्हणजे तुमचं धुराडं त्या वेळी उलटं चालत होतं, बाहेरची हवा खाली येत होती आणि सोबत धूर. फायरप्लेस पेटलेली असताना ती चिमणी आणि बाथरूमचा एक्झॉस्ट बंद, आणि दिवाणखान्याची एक खिडकी दोन बोटं उघडी. हे कायमचं.

नळीचं माप ठीक आहे. तोंडाचं क्षेत्रफळ १०८० चौरस इंच, नळीचं साधारण १२१. चौकोनी नळी निदान दहाव्या हिश्श्याएवढी लागते, तुमची त्याहून थोडी मोठीच आहे. ज्याने बांधलं त्याला काम येत होतं.

टाकी मात्र चुकीच्या जागी आहे. कौलातून बाहेर आल्यावर धुराडं किमान तीन फूट वर हवं आणि दहा फुटांच्या आत जे काही असेल त्याच्याहून दोन फूट उंच हवं. नाहीतर वारा टाकीवर आपटून धुराड्याच्या तोंडात खाली दाबला जातो. धुराडं तीन फूट वाढवायचं किंवा टाकी हलवायची. टाकी हलवा. स्वस्तात होईल आणि जुन्या बांधकामावर ओझं चढणार नाही.

आता माणूस. माझ्या ओळखीचा एक गवंडी आहे, पन्नाशीचा, चुन्याचं काम जाणणारा. त्याच्यासोबत मी स्वतः येतो. तुमच्या घरासारखी जुनी धुराडी आतून चुना आणि शेण कालवून लिंपलेली असायची, इंग्लंडातही हीच रीत होती. बांबू ढोसला की तो लेप सोलून निघतो आणि विटांचे सांधे उघडे पडतात. पडलेल्या पापुद्र्यांतले दोन-चार फेकले नसतील तर ठेवा, मला पाहायचेत.

तांबट आळी | १४ डिसेंबर, सकाळी ६:४५

अगं लेकी, तुझं वाचून आमचा बंब आठवला. वाड्यात तांब्याचा मोठा बंब होता, मधून नळी वर गेलेली. दर अमावास्येला सासूबाई तो पालथा करायला लावायच्या आणि नळीतून काथ्याचा बोळा दोरीला बांधून वरखाली ओढायच्या. बोळ्याच्या खाली लोखंडी वजन बांधलेलं असायचं, म्हणजे तो सरळ उतरतो आणि नळीला खरचटत नाही. एकदा दोन महिने राहून गेलं तर पाणी तापेना आणि न्हाणीघर धुराने भरलं. तुमच्या धुराड्यालाही हीच रीत लागू पडेल असं वाटतं. वरून सोडायचं, खालून ढोसायचं नाही. आणि फायरप्लेसच्या तोंडाला ओलं गोणपाट लावून कडा चिखलाने लिंपायच्या, म्हणजे काजळी घरात येत नाही.

ओळंबा | १४ डिसेंबर, सकाळी ८:१०

काकू, अगदी हेच. ब्रश नळीच्या मापाचा चौकोनी करून घ्यायचा, खाली वजन, वर दोरी. अंबडच्या एमआयडीसीत कुठलाही फॅब्रिकेशनवाला अर्ध्या दिवसात करून देतो. धुराड्याच्या वरच्या टोपीचीही मापं देऊन ठेवा: स्टेनलेस स्टील, चारही बाजूंनी अर्धा-पाऊण इंचाची जाळी. त्याहून बारीक जाळी नको, काजळीने बुजते.

नेकारकाठी | १४ डिसेंबर, दुपारी ४:३०

मूळचा पंचवटीतला, सध्या जर्मनीत. इथे धुराडी साफ करणारा हा रीतसर शिक्षण घेतलेला कारागीर असतो, त्याला शोर्नश्टाइनफेगर म्हणतात. काळे कपडे, खांद्यावर गुंडाळलेला ब्रश. नव्या वर्षात तो भेटणं शुभ मानतात. लाकूड जाळत असाल तर त्याला घरात येऊ द्यावंच लागतं, कायदाच तसा आहे. शिवाय नेमलेला अधिकारी सात वर्षांत दोनदा अख्ख्या घरातली शेगडी, नळी, जोडण्या तपासून लेखी देतो.

आमच्याकडे आलेल्याने पहिल्या वर्षी सगळ्यात जास्त वेळ धुराड्यापाशी नाही, लाकडांच्या ढिगापाशी घालवला. ओलावा मोजायचं छोटं यंत्र काढलं, एक ओंडका फोडायला लावला आणि फोडलेल्या ताज्या बाजूवर टोचून पाहिलं. आकडा होता २८. म्हणाला, हे जाळलंत तर मी दर महिन्याला आलो तरी पुरणार नाही. तेव्हा कळलं की काजळी धुराड्यात तयार होत नाही, ती ओल्या लाकडातून येते. ओलं लाकूड नीट पेटत नाही, नुसतं धुमसतं. त्या धुरातली वाफ आणि डांबरी अंश वरच्या थंड भागात जाऊन बसतात. आधी भुसभुशीत काजळी, मग कुरकुरीत पापुद्रे, आणि शेवटी काचेसारखा चकचकीत काळा थर. त्याला क्रिओसोट म्हणतात. तो तिसरा थर ब्रशने निघत नाही आणि तोच पेट घेतो. लाकडात ओलावा २० टक्क्यांच्या आत हवा.

द्राक्षबाग दिंडोरी | १४ डिसेंबर, रात्री ८:००

लाकडाचं मी सांगतो, आमचं रोजचंच आहे.

बाभूळ उत्तम. जड, निखारा धरून ठेवणारी. सुबाभूळ चांगली, लवकर वाळते. आंब्याचं लाकूड चालतं पण पूर्ण वाळलेलं हवं, नाहीतर धूर फार. निलगिरी भडकते आणि ठिणग्या उडवते, समोर जाळी नसेल तर टाळा. वखारीतून डिसेंबरात आणलेलं लाकूड दहातल्या नऊवेळा ओलंच असतं, कारण पावसाळाभर उघड्यावर पडलेलं असतं. वाळलेलं ओळखायचं तर दोन तुकडे एकमेकांवर आपटा: खणखण वाजलं तर वाळलेलं, धप्प वाजलं तर ओलं. टोकाला उभ्या भेगा दिसल्या पाहिजेत.

खरी पद्धत म्हणजे उन्हाळ्यात घ्यायचं, मनगटाएवढ्या जाडीचं फोडायचं, विटांवर रचायचं म्हणजे जमिनीची ओल लागत नाही, वरून पत्रा आणि बाजू मोकळ्या. ताडपत्रीत सगळीकडून गुंडाळलं तर आत बुरशी धरते. पावसाळा असा काढला की दिवाळीनंतर जाळायला तयार.

एक कळकळीची विनंती. आमच्या बागांच्या छाटणीच्या काड्या एप्रिलात आणि ऑक्टोबरात ढिगाने पडलेल्या असतात आणि लोक सरपणाला मागायला येतात. घरात जाळू नका. त्या वेलींवर वर्षभर बोर्डो आणि किती तरी औषधांच्या फवारण्या झालेल्या असतात. तसंच प्लायवूड, रंगवलेल्या चौकटी, पॅकिंगच्या पेट्या. आई शेजारी बसणार आहे, हे लक्षात ठेवा.

इंदिरानगर ओपीडी | १५ डिसेंबर, सकाळी ११:२०

डॉक्टर आहे, म्हणून काळजीने लिहितो. धूर दिसतो, डोळे चुरचुरतात, माणूस बाहेर पळतो. तुमच्या आईंचं तसं झालं हे एका अर्थी बरं झालं. खरी भीती कार्बन मोनॉक्साइडची. त्याला रंग नाही, वास नाही. आपल्या रक्तातलं हिमोग्लोबिन त्याला ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून जास्त घट्ट धरतं. बंद बाथरूममधल्या गॅस गिझरने माणसं जातात ती यानेच. फायरप्लेसमध्ये ज्वाला विझून नुसते निखारे उरतात तेव्हा तो भरपूर निघतो. नेमकं त्याच वेळी लोक 'आता ऊब बाहेर जाऊ नये' म्हणून झडप बंद करून झोपतात.

डोकं दुखणं, गरगरणं, मळमळ, घरातल्या सगळ्यांना एकाच वेळी: लगेच बाहेर मोकळ्या हवेत या आणि १०८ ला फोन करा. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म ऑनलाइन मिळतो, झोपायच्या खोलीत आणि दिवाणखान्यात एकेक लावा. तो लावल्याशिवाय पेटवू नका.

आणि साफ करणाऱ्या माणसासाठी: काजळी नुसती घाण नव्हे. १७७५ मध्ये पर्सिव्हल पॉट या इंग्रज शल्यचिकित्सकाने धुराडी साफ करणाऱ्यांमध्ये होणारा कर्करोग काजळीशी जोडला, एखाद्या धंद्यामुळे कर्करोग होतो हे दाखवणारी ती सुरुवातीची नोंद. तिथे लहान मुलांना नळीत चढवायचे, ते थांबायला १८७५ उजाडलं. तुमच्या गवंड्याला एन-९५ मास्क, चष्मा, हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट द्या. काम झाल्यावर गरम पाणी आणि साबण. उघड्या अंगाने काम करू देऊ नका.

लॅमरोडची लेक | २९ डिसेंबर, रात्री ९:४५

सर्वांचे मनापासून आभार. काम झालं, पण मधे एक गोष्ट निघाली ती सविस्तर लिहिते. ज्यांच्या घरी जुनं धुराडं आहे त्यांनी हे वाचावंच.

ओळंबादादा आणि गवंडीमामा २० तारखेला आले. आधी वर चढून पाहिलं. पिसं होती ती पाकोळ्यांच्या घरट्यांची. रिकामी आहेत याची खात्री केली, पिल्लं असती तर थांबलो असतो. मग तोंड ओल्या गोणपाटाने बंद, कडा मातीने लिंपलेल्या, काकूंनी सांगितलं तसं. वरून ब्रश सोडला. खाली तीन घमेली माल आला: काजळी, घरट्यांचा गाळ, चुन्याचे तुकडे. दिवाणखान्यात चिमूटभरसुद्धा नाही. वरच्या चार फुटांत मात्र तो चकचकीत काळा थर होता. मामांनी तो पत्रीने हळूहळू खरवडून काढला, त्यालाच दीड दिवस गेला.

मग दादांनी धुराची परीक्षा घेतली. खाली ओल्या पाल्याचा थोडा धूर केला, वरचं तोंड ओल्या पोत्याने झाकलं आणि आम्ही टॉर्च घेऊन घरभर फिरलो. माळ्यावर गेलो तर धुराड्याच्या एका कोपऱ्यातून दोऱ्यासारखी धुराची रेघ येत होती. अगदी बारीक, टॉर्चच्या उजेडात तिरकी धरली तरच दिसणारी. तिच्या मागे गेलो तर कौलांच्या सांगाड्याचा एक सागवानी वासा थेट धुराड्याच्या विटांत घुसवलेला. कधीतरी दुरुस्तीत कुणीतरी तसा टेकवला असावा. मामांनी भोवतालच्या दोन विटा काढल्या. वाशाचं टोक वीतभर कोळसा झालेलं होतं. मी नखाने खरवडलं, काळी पूड हातात आली. आजोबा त्याच्याच खाली, बरोबर त्या कोपऱ्यात, आरामखुर्ची टाकून वाचत बसायचे.

ओळंबा | २९ डिसेंबर, रात्री १०:३०

लेकताईंनी लिहिलंय त्यात एवढीच भर. वर्षानुवर्षं ऊब लागून लाकूड आतून करपत जातं आणि मग ताज्या लाकडापेक्षा कमी तापमानालाही पेट घेऊ शकतं. धुराड्याच्या विटा आणि कुठलंही लाकूड यांत किमान दोन इंच मोकळी जागा हवी. तो वासा आम्ही मागे कापला, दोन बाजूंच्या वाशांना आडवी तुळई जोडून त्यावर टेकवला. सांधे चुन्याने भरले. खालची पेटी फायर क्ले आणि भट्टीच्या विटांनी नव्याने केली, साधं सिमेंट तिथे तडकतं. झडप रॉकेल लावून सोडवली. टाकी बाथरूमच्या बाजूला गेली.

कधी धुराड्यातच आग लागली, म्हणजे आगगाडी जाते तसा घरघर आवाज आला, तर पाणी ओतू नका. तापलेल्या विटा फुटतात. हाताशी असेल तर झडप लावा, सगळ्यांना बाहेर काढा, १०१ फिरवा.

आडगाव नाका | ३० डिसेंबर, सकाळी ९:००

वाशाचं वाचून अंगावर काटा आला. आमच्या मामांकडे इगतपुरीला असंच घर आहे, त्यांना आजच माळा बघायला सांगतो. राखेचं काय करता?

लॅमरोडची लेक | १४ जानेवारी, सकाळी ८:२०

राख: खाली इंचभर कायम ठेवते, त्यावर निखारा छान धरतो. बाकीची लोखंडी बादलीत, झाकण लावून, अंगणात फरशीवर दोन-तीन दिवस. पहिल्यांदा गार समजून हात घातला तर आत बोराएवढा निखारा लाल होता. गार झाली की थोडी भांड्यांना. बागेत टाकणार होते, पण शेजारच्या काकांनी थांबवलं. आपली काळी माती मुळातच अल्कधर्मी, त्यात राख जास्त नको म्हणाले.

नवा गिलावा ओला होता म्हणून पहिले पाच दिवस रोज फक्त मूठभर काटक्या पेटवल्या. काल भोगी. अलार्म दोन्ही खोल्यांत लावलेत. गॅसवरची चिमणी बंद, खिडकी दोन बोटं उघडी. आधी वर्तमानपत्राची गुंडाळी पेटवून नळीत वर धरली, कागदाची ज्योत वर ओढली गेली तेव्हा मग काटक्या. धूर एकदाही खोलीत आला नाही. आई गुडघ्यांवर शाल घेऊन साडेदहापर्यंत बसली, तीळ लावलेली बाजरीची भाकरी तिथेच बसून खाल्ली. निखारे पूर्ण विझेपर्यंत मी झडप लावली नाही, पहाटे चारला उठून लावली.

सध्याची बाभूळ दिंडोरीच्या दादांनी सांगितलं तशी आपटून बघून आणली. पुढच्या वर्षासाठी आत्ताच सांगून ठेवायचं आहे.

द्राक्षबाग दिंडोरी | १४ जानेवारी, दुपारी १२:४०

तिळगूळ घ्या ताई, आईंना नमस्कार सांगा. बांधावरची सुबाभूळ काढायची आहेच. छाटणीची गडबड संपली की एप्रिलअखेरीस फोडून ट्रॉलीने घेऊन येतो. घराचं फाटक किती रुंद आहे तेवढं कळवा.

लॅमरोडची लेक | १४ जानेवारी, दुपारी १:१५

साडेनऊ फूट. विटा मांडून ठेवते.